दादाची भंगारात दिलेली गाडी

यिशुन, सिंगापूर
रविवार, ८ मार्च २००९

प्रिय दादा,

जयभीम. आई खुशाल आहे, मी आहे तशी आहे, आणि तू मजेत असशील असं गृहीत धरते, कारण तुझ्याकडून काही कळण्याची सोय नाही.

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. स्काइपवर बोलायचं म्हटलं तर आई खुर्ची ओढून मध्ये बसते आणि 'दीपू, गळ्याची हाडं का रे दिसतायत' यापुढे विषय सरकत नाही. ईमेल करावी तर तू 'ओके, बघतो' एवढंच खरडतोस. काय बघतोस, कधी बघतोस, काही पत्ता नाही. म्हणून आज दुपारी आईचा डोळा लागल्यावर लिहायला बसले आहे. हे तरी शेवटपर्यंत वाच.

आधी तुझी बातमी. मागच्या महिन्यात तू आईला सांगितलंस की मंदीमुळे कारखान्यात काम कमी झालंय, म्हणून तुम्हाला आठवड्यातून दोनच दिवस बोलावतात, बुडालेल्या पगाराचा बराच भाग सरकार भरून देतं, आणि कुणालाही काढत नाहीत. झालं! आईने ती बातमी लिफ्टमध्ये, पोस्टात, खालच्या कॉफी शॉपमध्ये सगळीकडे पोचवली. दहाव्या मजल्यावरच्या तमिळ मावशींना तिच्या त्या हिंदीत सांगत होती, "मेरे लडके को घर बैठके पगार देते, जर्मनी का सरकार एकदम अच्छा है." मावशींना हिंदी येत नाही. त्या नुसतं "गुड, गुड" म्हणाल्या. तरी आईचा चेहरा काय फुलला होता!

आमच्या कंपनीनेही तिकडे हेच केलंय. आमचं मुख्य ऑफिस तुझ्यापासून दोन तासांवर आहे, तूच एकदा म्हणाला होतास. व्हॉल्व्हच्या ऑर्डरी चार महिन्यांत निम्म्यावर आल्या. तिकडून एक साहेब येऊन आम्हाला पडद्यावर बाण काढून समजावून गेले. अमेरिकेत लोकांनी घरांचे हप्ते थकवले, म्हणून बँका कोसळल्या, म्हणून कुणी मोटार घेईना, म्हणून मोटारींचे कारखाने नवी यंत्रं मागवीनात, आणि जर्मनीचं पोट तर जगाला यंत्रं विकूनच भरतं. मी मनात म्हटलं, वा रे वा! तिकडे कुणी तरी घराचा हप्ता भरला नाही, आणि इकडे मी चांगी बिझनेस पार्कमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसायचं.

बरं, तिकडच्या माणसाला काही विचारावं तर आपोआप उत्तर येतं, 'मी शॉर्ट टाइमवर आहे, बुधवारी परत येईन.' बुधवारी विचारावं तर दुसऱ्याचं येतं, 'मी आता सोमवारी.' एका गास्केटच्या पेटीसाठी मी अकरा दिवस थांबले. कोरियातलं गिऱ्हाईक मला फोनवर ओरडलं, मी कुणावर ओरडू? तुझ्यावर ओरडून घ्यावंसं वाटलं, पण तू फोन उचलत नाहीस.

आणि तुझी गाडी! बारा वर्षांची गाडी भंगारात दिली आणि सरकारने अडीच हजार युरो हातावर ठेवले, हे तू सांगितलंस तेव्हा आईचा विश्वासच बसेना. बाबांची लूना दिली तेव्हा भंगारवाल्याने साडेतीनशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली होती, म्हणाली. आता ती मला विचारते की नवी गाडी कुठल्या रंगाची घेतली. फोटो पाठव बाबा एकदाचा, माझं डोकं खाते.

आता कामाचं. एप्रिलच्या शेवटी तू ये. आईला घेऊन दापोडीला जा आणि तीन महिने तिच्याजवळ राहा. आपल्या घरातले भाडेकरू एप्रिलअखेर जातायत. आईचा गुडघा बदलून सहा महिने झाले, काठी घेऊन बरी चालते, पण एकटीला ठेवण्यासारखी नाही. गेल्याच महिन्यात बाथरूममध्ये घसरली. डोकं थोडक्यात वाचलं.

का, असं विचारशील. घरमालकाला फ्लॅट रंगवायचाय. मला ऑफिसात फार काम आहे. इथे उकडतं. यातलं जे पटेल ते घे, पण ये.

पाच वर्षं झाली तुला आईला प्रत्यक्ष भेटून. गुडघ्याच्या ऑपरेशनला तू येणार होतास, 'मोठं प्रोजेक्ट' निघालं. त्याआधी बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या दानाला येणार होतास, तेव्हाही प्रोजेक्ट. आता तर तुमच्याकडे प्रोजेक्टच नाहीत. आठवड्यातले पाच दिवस तू घरी बसून असतोस. तेच इथे येऊन, तिच्यासमोर बस की. मी तुझ्याकडे आणखी काय मागितलंय आजवर?

उत्तर पाठव. पूर्ण वाक्यांत.

तुझी
स्नेहल


यिशुन
रविवार, १९ एप्रिल २००९

दादा,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. अर्धं पान! त्यातल्या तीन ओळी हवामानाच्या.

बाकी काय, तर शॉर्ट टाइमवरच्या माणसाला म्हणे केव्हाही बोलावणं येतं, म्हणून शहर सोडता येत नाही. उन्हाळ्यात बघू. आईला विमानतळावर व्हीलचेअर मिळते, तेव्हा ती एकटी जाऊ शकेल. दापोडीत निशिगंधाताई आहेच. नवी गाडी सावकाश घेणार, घाई काय आहे. तुझा दीप. हे एवढं लिहायला तुला पाच आठवडे लागले?

निशिगंधाताई आपली चुलतबहीण आहे, दादा, आपली मोलकरीण नाही. तिच्या घरात अंथरुणाला खिळलेली सासू आहे. तिने आईकडे कधी बघायचं? आणि व्हीलचेअर विमानाच्या दारापासून टॅक्सीपर्यंत असते. पुढचे तीन महिने तिला कोण ढकलणार?

फ्लॅटला रंगबिंग काही द्यायचा नाहीये. ऑफिसात कामही नाहीये. सांगून टाकते, कारण नाही सांगितलं तर तू 'उन्हाळ्यात बघू' म्हणत माझं आयुष्य उरकशील.

वीस फेब्रुवारीला आम्हा बावीस जणांना मीटिंग रूममध्ये बसवलं. तेच बाणवाले साहेब. फार वाईट वाटत होतं त्यांना, खरंच, नाक लाल झालं होतं. म्हणाले, जर्मनीत आम्ही एकाही कायम कामगाराला काढणार नाही, पण शॉर्ट टाइमचा कायदा जर्मनीपुरता आहे, इथे तो लागू नाही, म्हणून सिंगापूरचं ऑफिस बंद. म्हणजे त्यांची माणसं राहावीत म्हणून आमचं काम तिकडे नेलं. मी सात वर्षं जे काम केलं ते आता कुणी तरी तिकडे आठवड्यातून दोन दिवस करणार आहे. हे ऐकून आमची उर्सुला, ती जर्मनच आहे, इथल्या चिनी माणसाशी लग्न करून राहिलेली, ती रडली. मी नाही रडले. मला इतका संताप आला होता की कॉफीचा कप ठेवताना बशी फुटली.

तीस एप्रिल माझा शेवटचा दिवस. त्यानंतर एम्प्लॉयमेंट पास रद्द, आणि देश सोडायला तीस दिवस. आईचा पास माझ्या पासवर मिळालेला, तोही गेला. आणि गंमत ऐक. माझ्या निरोपाच्या पत्रावर सही करणारी बाई तिकडे शॉर्ट टाइमवर आहे! मला कामावरून काढायलासुद्धा बुधवार उजाडावा लागतो. हसावं की रडावं सांग.

आईला यातलं काही माहीत नाही. रोज साडेसहाला डबा घेऊन निघते, दीड तास एमआरटीच्या मेट्रोत, तिकडे जाऊन सामान खोक्यांत भरते, संध्याकाळी परत. ती विचारते, "आज काम फार होतं का गं?" मी म्हणते, "हो ना."

आता नीट वाच. मला एक नोकरी मिळतेय. दवाखान्यांसाठी सुया आणि नळ्या करणारी कंपनी आहे. मंदी असो नसो, माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. तीन मुलाखती झाल्या, त्यांना मी पसंत आहे, पास काढून द्यायला तयार आहेत. अट एकच. पहिले तीन महिने मलेशियात, पेनांगच्या कारखान्यात राहून काम शिकायचं. पंधरा मेपर्यंत हो की नाही कळवायचंय.

हो म्हटलं तर आईचं काय करू? पेनांगला वसतिगृहाची खोली आहे, तिथे तिला नेता येत नाही. इथे ठेवायला पास नाही. दापोडीला मी पोचवून येऊ शकते, पण पोचवून काय करू, बाहेरून कडी घालू? आणि नाही म्हटलं तर सदतीसाव्या वर्षी पुण्यात जाऊन, जिथे सगळेच माणसं कमी करतायत तिथे, कुणाच्या दारात उभी राहू? मला फक्त तीन महिने हवेत, दादा. नव्वद दिवस. मग मी तिला परत माझ्याकडे आणते, तुला पुन्हा त्रास देणार नाही. लिहून देऊ का?

गेल्या रविवारी सेरंगूनच्या हॉलमध्ये जयंती झाली. वंदना, केक, मग भाषणं, मग बिर्याणी. या वर्षी हॉल निम्मा रिकामा होता. शैलेंद्र नि सुनेत्रा परत गेले, आणखी दोन कुटुंबं जूनमध्ये निघालीत. आणि अशा हॉलमध्ये आई काठी टेकत उठली आणि माइकवर म्हणाली की बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलं, आम्ही दोघांना शिकवलं, आणि आज जग बुडतंय पण माझ्या मुलाला जर्मनीच्या सरकारने जपलंय. टाळ्या पडल्या. नंतर उल्काकाकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमच्या जावयासाठी तुझ्या भावाकडे शब्द टाकशील का गं? तिकडे नोकऱ्या पक्क्या असतात म्हणे." मी हो म्हटलं. काय म्हणणार?

तर असं आहे. तुला जपलंय, मला नाही जपलं. मी त्याबद्दल तुझ्यावर जळत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू. जळते. तू घरी बसून पगार घेतोस आणि म्हातारी आई माझ्याकडे, तिचं पथ्य माझ्याकडे, तिचा पास माझ्याकडे, तिला तुझं कौतुक करताना ऐकायचं तेही माझ्याकडेच. हात टेकले मी तुझ्यापुढे. साहेबांना सांग, आई आजारी आहे. काहीही सांग, पण सुटी काढ.

स्नेहल


यिशुन
रविवार, १० मे २००९

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यातही. तिसऱ्यात नव्हत्या, म्हणून तेही पटलं नाही.

तीस एप्रिलला ऑफिसात आमचं शेवटचं जेवण झालं. समोरच्या हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवरून मागवलेलं, कागदाच्या पुड्यांत. उर्सुला माझ्या शेजारी होती. सगळे जर्मनीवर तोंडसुख घेत होते, मीही घेत होते, आणि बोलता बोलता म्हटलं की माझ्या भावाला तर जुन्या गाडीचेसुद्धा अडीच हजार युरो मिळाले, बसलाय आता आरामात, नवी गाडी सावकाश घेणार म्हणतो. ती म्हणाली, असं होत नाही. मी म्हटलं, होतं, त्याला मिळालेत. ती म्हणाली, "स्नेहल, ते पैसे नवी गाडी घेतली तरच मिळतात. गाड्यांचे कारखाने चालावेत म्हणून तर आहे ती योजना. नवीची कागदपत्रं नसतील तर एक सेंट मिळत नाही."

मी तुझी बाजू घेतली, बरं का. म्हटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. पण ऐकण्यात कसली चूक, तुझ्या पत्रात तुझ्या अक्षरात लिहिलंय.

मग मीच तिला म्हटलं, त्याच्या कारखान्यात फोन लाव, घरचा फोन तो उचलत नाही, निदान साहेबाशी बोलून त्याची सुटी मागू. तिने लावला. ती जर्मनमध्ये बोलत होती, मला 'धम्मदीप' एवढंच कळत होतं. तिने तीन वेळा नावाचं स्पेलिंग सांगितलं. मग फोन ठेवला आणि उगाच टिश्यूने टेबल पुसायला लागली. तिकडच्या बाईने सांगितलं होतं की हा माणूस आमच्या कामगारांच्या यादीत कधीच नव्हता, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून आला होता, आणि एजन्सीची सगळी माणसं नोव्हेंबरमध्येच परत पाठवली.

नोव्हेंबर! दादा, सहा महिने!

आणि 'कधीच नव्हता' म्हणजे काय? सात वर्षं तू त्या कारखान्यात यंत्रांची डिझाइनं केलीस. उर्सुलाने समजावलं. एकाच हॉलमध्ये एकाच टेबलावर दोन प्रकारची माणसं बसतात, ओळखपत्राचा रंग वेगळा असतो. मंदी आली की एका रंगाला शॉर्ट टाइम मिळतो, दुसऱ्याला नमस्कार. पेपरात येतं की जर्मनीने कुणाला काढलं नाही, ते पहिल्या रंगाबद्दल. दुसऱ्या रंगाचे लाखो गेले, म्हणाली. तुझा रंग कुठला हे आम्हाला सात वर्षांत कळू दिलं नाहीस. आई माइकवरून टाळ्या घेऊन आली आणि तू शेजारी बसणाऱ्याचं ओळखपत्र आम्हाला आपलं म्हणून दाखवत होतास.

मी त्या दिवशी एमआरटीत इतकी चिडले होते की यिशुन आलं तरी उतरले नाही. मनात तुला म्हणत होते, अरे, थाप मारायची तर धड चौकशी करून मार! गाडी विकली म्हणाला असतास तरी मी काही विचारलं नसतं. घर चालवायला गाडी विकावी लागते, त्यात काय लाज आहे? पण नाही, साहेबांना सरकारी बक्षीस मिळालेलं पाहिजे. आम्ही कशाने खूश होतो ते तुला बरोबर माहीत होतं, आणि तू तेवढंच पाठवत राहिलास.

बाबांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल, तू नववीत होतास. आठ महिने बाबा घराच्या पायरीवर बसून मटार सोलायचे, भर दिवसा, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत. कुणी विचारलं तर म्हणायचे, "टाळं उघडलं की जाऊ." आपल्या घरात काम गेलेला माणूस तोंड लपवत नव्हता, दादा. मग तू कुठे शिकलास हे?

हे वाक्य लिहून मी उठले, चहा केला, भांडी घासली. कारण उत्तर मला माहीत आहे. माझ्याकडून शिकलास.

२००६च्या दिवाळीत तुझा फोन आला होता. आई झोपली होती. तू म्हणालास, कंटाळलोय, परत येतो, पिंपरीत काहीही करीन. आणि मी म्हटलं, "वेडा झालास का? आईने अख्ख्या दापोडीला सांगून ठेवलंय. परत येऊन काय तोंड दाखवणार?" तू हसलास आणि विषय बदललास. त्यानंतर तू कधी परत यायचं बोलला नाहीस, आणि मीही विचारलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं. भाऊ जर्मनीत आहे असं मुलाखतीतसुद्धा सांगायचे मी, कुणी विचारलेलं नसताना. आणि स्वतःवर आली तेव्हा काय केलं? दोन महिने डबा घेऊन खोकी भरायला जात राहिले आणि आईला सांगत राहिले की काम फार आहे. तुझ्यावर ओरडायला मी कोण लागून गेले? तरी ओरडले. अजूनही ओरडतेच आहे, ते कमी करू शकत नाही.

आईला माझं सांगितलं. काल वेसाक होता, म्हणजे आपली बुद्धपौर्णिमा, तिकडे तुम्हाला सुटी नसेल, इथे असते. विहारातून आल्यावर, ती पाय सोडून बसली होती तेव्हा. म्हटलं, आई, माझी नोकरी गेली, नवी मिळाली, मधले तीन महिने मला पेनांगला राहावं लागेल. ती पाय चोळत राहिली. मग म्हणाली, "मला आधी का नाही सांगितलंस? मी उगाच तुझ्याकडे नवा मिक्सर मागितला." एवढंच. मी दोन महिने ज्याला भीत होते ते एवढंच होतं.

तुझं सांगितलं नाही. ते तुझं आहे, तू सांग.

उर्सुलाने आणखी एक सांगितलंय, तेही लिहिते, नाही तर म्हणशील की मला काही कळत नाही. तुला बेकारीचा भत्ता मिळत असणार, आणि फार दिवस देश सोडला तर तो बंद होतो. तीन आठवडे परवानगी काढून जाता येतं, तीन महिने नाही. म्हणजे तू आलास तर ते पैसे गेले, आणि परत जाऊन नोकरी शोधायची तर नव्याने सगळं. हे मला कळतं. मी तुझ्याकडे फुकटचं काही मागत नाहीये. तरी मागते.

कारण मी होकार कळवलाय. बावीस मेला नव्या पासचे बोटांचे ठसे, पंचवीसला पेनांग. मला आता मधे कुठेही जाता येणार नाही.

शनिवार, तेवीस मे. आईचं विमान दुपारी बारा चाळीसला मुंबईला उतरतं. व्हीलचेअर सांगितली आहे, ते लोक तिला दारापर्यंत आणून सोडतील. निशिगंधाताईला कळवलेलं नाही. टॅक्सी सांगितलेली नाही. आईला सांगितलंय की दीपूला सुटी मिळाली, तो दारात उभा असेल आणि तुझ्याबरोबर तीन महिने राहील. ती म्हणाली, "त्याने स्वतः सांगितलं?" मी म्हटलं, हो, फोन आला होता.

म्हणजे मीही थाप मारली, आणि तुझ्यापेक्षा मोठी. फोन करू नकोस. तू 'बघतो' म्हणशील, मी घाबरून तिकीट रद्द करीन आणि पेनांगला 'नाही' म्हणून कळवीन, आणि मग जन्मभर तुला ऐकवत बसेन. मला तशी बहीण व्हायचं नाहीये.

एक सांगायचं राहिलं. दारातून माणसं बाहेर पडायला लागली की पांढऱ्या केसांची बाई शोधत बसू नकोस. आज सकाळी आपली आपण लिफ्टने खाली जाऊन ब्लॉकखालच्या चिनी बाईकडून तिने केस काळे करून घेतले. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. मला म्हणाली, "दीपूला मी एकदम म्हातारी दिसले तर तो घाबरेल गं."

तुझ्या नावाने शब्द देऊन बसलेली,
स्नेहल